आबा, पहिलं तोंड तुमचं

आबा,

तुमचा हाराचा फोटो बदलून आणावा लागला. तुमच्या प्रकाशने मोबाईलमधला एक चांगला फोटो निवडून लोणावळ्याच्या स्टुडिओत दिला होता. संध्याकाळी फ्रेम घरी आली, आईंनी डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "ह्ये कोन?" स्टुडिओवाल्याने त्याच्या मते तुमच्यावर उपकार केले होते. सगळ्या सुरकुत्या गायब, गालावरची चामखीळ गायब, रंग असा उजळलेला की तुम्ही जन्मात कधी शेतात गेलाच नाहीत. बँकेचे मॅनेजर दिसत होतात, आबा. मी एवढी वर्षं मशीन फिरवून जे करू शकले नाही, ते त्या पठ्ठ्याने बसल्या जागी केलं.

मला हसू आवरेना. घरात सुतक, ओसरीवर भावकीच्या बायका बसलेल्या. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. आईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचेही खांदे हलायला लागले. बाहेरच्या बायकांना वाटलं, सासू-सून गळ्यात पडून रडताहेत. एकीने आत येऊन पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी प्रकाश दुसरा फोटो घेऊन आला, चामखिळीसकट. आता तोच भिंतीवर आहे.

तुमचं तेरावं होऊन गेलं. त्यालाही आता पंधरवडा होत आला. पार्लर मी परत उघडलंय. कार्ल्याची दोन लग्नं आहेत, नवऱ्या मुली किती दिवस थांबणार? पण तुमचं एक काम माझ्याकडे राहून गेलंय आणि ते मला स्वस्थ बसू देत नाही.

त्या दिवशी सकाळी चहा पिताना तुम्ही परत तेच काढलंत. "पोरी, म्हातारीला एकदा त्या बेडवर आडवी कर." मी पोळ्या लाटत होते, प्रकाशचा डबा व्हायचा होता, देहूरोडची लोकल चुकली की डेपोच्या गेटवर त्याला बोलणी खावी लागतात. मी म्हटलं, "तुमची बायको आहे, तुम्ही सांगा." तुम्ही म्हणालात, "माजं ऐकती व्हय ती?" मी म्हटलं, "मग माझं कुठे ऐकतात?" तुम्ही कप खाली ठेवलात, "बग तू कायतरी," म्हणालात आणि टॉवेल डोक्याला गुंडाळून शेतावर गेलात. दुपारी बांधावर जे टेकलात ते उठलाच नाहीत. आपलं बोलणं त्या 'कायतरी'वर थांबलंय.

आणि आता ते आणखी अवघड झालंय. तुम्ही होतात तोवर लोक फार तर म्हणाले असते, म्हातारपणी कसली थेरं. आता काय म्हणतील? नवऱ्याला जाऊन महिना झाला नाही आणि बाई पार्लरात जाऊन पडली. आईंना सांगायचं कुणी? तुमच्यासारखं वजन माझ्या शब्दाला नाही. आणि तुमच्या शब्दालाही त्यांच्यापुढे किती होतं, हे आपल्या दोघांना माहीत आहे.

मला तो मशीनचा पहिला दिवस आठवतो. लोणावळ्यात शमीमताईंकडे मी पार्लरचं शिकले. आयब्रो, फेशियल, क्लीनअप करून हात बसला, तेव्हा त्यांनी पॉलिशिंगचं मशीन शिकवलं. हिऱ्याच्या कणांची खरखरीत टोपी लावलेली ती कांडी, वरची मेलेली कातडी अलगद घासते आणि मागच्या हवेने ओढून घेते. शमीमताईंचे नियम कडक. कातडी दोन बोटांनी ताणायची, एक रेघ एकदाच ओढायची, परत त्याच रेघेवर यायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, आधी घरच्या माणसाचं तोंड, मग गिऱ्हाइकाचं. त्या म्हणायच्या, "गिऱ्हाईक लाजून सांगत नाही, दुखतंय म्हणून. घरचं माणूस ओरडतं. ज्याचं ओरडणं ऐकलं नाहीस, त्याच्यावर हात शिकत नाही."

जुनं मशीन त्यांनीच मला दिलं आणि मी ते इथे भाजे गावात आणून आपल्या पुढच्या खोलीत मांडलं. आता घरचं तोंड आणायचं कुठून? तुमचा मुलगा मशीनचा आवाज ऐकून तालीम आहे म्हणून पळाला. तालमीचं तोंड त्याने शाळा सुटल्यावर पाहिलं नव्हतं. शेजारच्या पोरी म्हणाल्या, लग्नसराई संपू दे वहिनी. आईंना विचारायची हिंमत केली तर त्या म्हणाल्या, "माज्या तोंडाला शिवू नगंस. मी मेल्यावं आंघोळ घालशील तवा काय घासायचं त्ये घास." मी सरळ स्वयंपाकघर गाठलं. देहूरोडच्या क्वार्टरमध्ये वाढलेली मी, मला वाटलं होतं बोलण्यात मला कुणी हरवणार नाही.

आणि तुम्ही ओसरीवरून म्हणालात, "माजं कर."

आबा, मी तेव्हा तुमच्यासमोर डोक्यावरची ओढणी घसरू द्यायची नाही. तुम्ही बाहेर बसलेले असलात की मी मागच्या दाराने जायची. तुमच्याशी बोलायचं झालं तर भिंतीकडे बघून बोलायची. त्या सासऱ्याच्या गालावर मी बोटं ठेवायची? आई तर उभ्याच राहिल्या. "सुनंनं सासऱ्याच्या तोंडाला हात लावायचा? गाव शेन घालंल तोंडात!"

तुम्ही चपला काढत होतात. वर न बघता म्हणालात, "उद्या अंथरुनाला खिळलो तर तोंड कोन धुनार माजं? गाव येनार हाय व्हय?"

तुम्ही आत आलात, बेडवर चढलात, पाय एकमेकांवर टाकलेत आणि डोळे गच्च मिटलेत. मी कांडी दोनदा गालाजवळ नेली आणि मागे घेतली. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "डोळं मिटल्यावं कोन सून आन कोन सासरा? घास."

मग मी उजव्या गालापासून सुरुवात केली. तुमची कातडी म्हणजे काही शमीमताईंच्या बंगलेवाल्या बायकांसारखी नव्हती. उन्हाने रापलेली, दाढीच्या खुंटांनी भरलेली. पण दोन बोटांनी ताणली की खाली मऊ होती, ह्याचं मला फार नवल वाटलं. कपाळाचा उजवा भाग, उजवा गाल, नाकाची उजवी बाजू झाली आणि मशीनचा आवाज घरघरत बंद पडला. पंखा थांबला. दिवस गुरुवारचा होता.

गुरुवारी आपल्याकडे लाईट जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाच नव्हतं, कारण माहेरी कँटोन्मेंटात ती कधी जायचीच नाही. लग्न होऊन इतके दिवस झाले तरी माझ्या डोक्यात गुरुवार म्हणजे नुसता उपासाचा वार. तुम्ही उठून आरशात बघितलंत. उजवी बाजू लालसर, स्वच्छ, चकचकीत. डावी बाजू होती तशीच. मधोमध नाकावरून सरळ बांध घातल्यासारखी रेघ. मी रडकुंडीला आले. लाईट आली की लगेच करते म्हटलं. तुम्ही म्हणालात, "लाईट पाच वाजता येनार. कार्ल्याला साखरपुडा हाय चारला."

आईंच्या भाचीचा साखरपुडा. चुकवून चालणारच नव्हता. आईंनी तुम्हाला टॉवेल गुंडाळून जायला सांगितलं. तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकलात आणि तसेच मोटारसायकलवर प्रकाशच्या मागे बसलात. तिथे मांडवात पुरुषांच्या रांगेत मधोमध बसलात, असं प्रकाशने मला नंतर सांगितलं. उजवीकडचे तुमच्याशी बोलताना एक माणूस बघत होते, डावीकडचे दुसराच. शेवटी एकाने विचारलंच. आणि तुम्ही, आबा, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंत, "सुनंनं केलंय. नवीन मशीन आनलंय तिनं. अर्धं झालं आन लाईट गेली. ऱ्हायलेलं लाईट आल्यावं."

कुणी हसलं, कुणी नाक मुरडलं. पण आतल्या बायका ताटं वाढायची सोडून तुम्हाला बघायला आल्या. नवरीच्या मावशीने तर तुमच्या एकेका गालाला आळीपाळीने हात लावून पाहिला. आई पदरात तोंड घालून बसल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी तुमच्याशी अबोला धरला आणि तो चांगला लांबला. भाकरी वाढायच्या, पण ताट सरकवून द्यायच्या. तुम्ही मला हळूच म्हणालात, "लय दिसांनी घरात शांतता हाय, ऱ्हाऊ दे."

त्याच आठवड्यात कार्ल्याच्या बायका आल्या. रिक्षा करून आल्या होत्या. पहिलीच म्हणाली, "आबांचं केलं तसं करा, पर पुरं करा." माझं पार्लर असं सुरू झालं. उद्घाटन नाही, फीत नाही, पत्रिका नाही. तुमचं अर्धं तोंड एवढीच काय ती जाहिरात.

दुसऱ्या दिवशी तुमची डावी बाजू केली तेव्हाचं मला जास्त आठवतं. मशीन नीट चालू होतं, माझा हातही बसला होता आणि तुम्ही झोपलात. घोरायलाच लागलात. गार जेल लावल्यावर जागे झालात आणि बराच वेळ बेडच्या कडेला नुसते बसून राहिलात. मी कांडीमागचा छोटा कापसाचा फिल्टर काढून दाखवला. त्यात राखाडी भुकटी साठली होती. तुम्ही तो चिमटीत धरून उजेडात नेलात. "ह्ये समदं माज्या तोंडावं व्हतं? ह्यात वांगी येतील की." मग म्हणालात, "पोरी, आपुन नुसतं पडायचं आन दुसऱ्यानं आपल्यासाटी राबायचं. ह्ये मला जल्मात कुनी केलं न्हवतं." आणि उठता उठता, "तिला तर कवाच न्हाई."

तेव्हापासून तुम्ही ते काढायला लागलात. म्हातारीला एकदा आडवी कर. महिन्या-दोन महिन्यांनी तुमची पाळी आली की तुम्ही बेडवर डोळे मिटून आईंबद्दलच बोलायचात. भाताची लावणी करता करता तिची कंबर कशी गेली. दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाताना ती कशी तुमच्या पुढे चालायची. लग्नात आंतरपाट धरला तेव्हा तिचं तोंड दिसलंच नाही आणि नंतर बघायला वेळच झाला नाही. समोरासमोर तुम्ही दोघं एकमेकांशी फक्त गाय, भात आणि मीठ ह्यावर बोलायचात. बेडवर आल्यावर तुमचं तोंड सुटायचं. मी कांडी फिरवत असायची, म्हणून मध्ये बोलता यायचं नाही. चांगलंच झालं, नाहीतर मी काहीतरी फाजील बोलून घालवलं असतं.

आपली भांडणं मात्र पुष्कळ राहिली, आबा. पाटीचं भांडण तर तुम्ही जिंकलाही नाहीत आणि सोडलंही नाहीत. तुम्हाला पाटीवर मोठ्या अक्षरात 'गोरं करून मिळेल' लिहायचं होतं. मी म्हणायची, मशीन गोरं करत नाही, वरची मेलेली कातडी काढतं, आपला रंग आपल्याजवळच राहतो. तुम्ही म्हणायचात, "त्ये तुला ठावं. लोकान्ला काय पायजे त्ये लिव्ह." मी लिहिलं नाही. मग तुम्ही मळवली स्टेशनच्या रिक्षास्टँडवर बसून तोंडीच जाहिरात सुरू केलीत. एकदा एक बाई आपल्या सावळ्या लेकीला घेऊन आली आणि म्हणाली, आबांनी सांगितलंय, परवापर्यंत गोरी होईल. त्या पोरीची मान खाली. मी तिचं साधं क्लीनअप केलं, आरसा हातात दिला आणि म्हटलं, बघ किती ताजी दिसतेस, रंगाचं आबांना काही कळत नाही. तुम्ही दारातून ऐकत होतात. दोन दिवस फुरंगटून बसलात. पण त्यानंतर स्टँडवर 'गोरं' ऐवजी 'तेज' म्हणायला लागलात, हे मला रिक्षावाल्यांनी सांगितलं. म्हणजे अर्धं तरी जिंकले ना मी?

आणि ते ताक! शनिवार-रविवारी लेण्यांकडे, किल्ल्याकडे जाणाऱ्या पोरी उन्हाने लाल होऊन परत यायच्या. पाटी बघून थांबायच्या. तुम्ही पायरीवरूनच सांगायचात, "तोंड भाजलंय बाळा, मशीन नगं आज. आत जा, म्हातारी ताक देईल, प्यायचं बी आन लावायचं बी." बरोबरच होतं, भाजलेल्या कातडीवर मशीन लावायचंच नसतं. पण साधं थंड पॅक तरी मला लावू द्यायचं होतंत! माझी गिऱ्हाइकं तुम्ही ताकावर परत पाठवायचात आणि आई त्यांना वर पिठलं-भाकरी खाऊ घालायच्या. सनस्क्रीनवरून तर आपण रोज भांडलो. मशीन केल्यावर ऊन लावायचं नाही, क्रीम लावा, असं मी कंठशोष करून सांगायची. "पांडरं फासून शेतात गेलो तर पाखरं बुजगावनं समजून यायची न्हाईत," असं म्हणून तुम्ही जायचात. तो टॉवेल गुंडाळलेला तुमचा पाठमोरा आकार मला अजून बांधावर दिसतो.

तुम्हाला मी कधी थँक्यू म्हटलं नाही. सासऱ्याला थँक्यू म्हणायची आपल्यात पद्धतच नाही, म्हटलं असतं तर तुम्ही मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघितलं असतं. आज म्हणते. तुम्ही त्या दिवशी चपला काढल्या नसत्यात तर मी आजही भिंतीकडे बघून बोलत असते.

लोक म्हणतात, आबांना सोन्यासारखं मरण आलं. अंथरुणाला खिळले नाहीत, कुणाला त्रास नाही. खरं आहे. पण तुम्ही तेव्हा आईंना म्हणाला होतात ना, तोंड कोण धुणार म्हणून? मला ती वेळ तुम्ही दिलीच नाहीत. अंगणात पुरुषांनी तुम्हाला आंघोळ घातली तेव्हा मी दारात उभी होते. एकाने तांब्याभर पाणी तोंडावर ओतून हाताने खसाखसा पुसलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, हळू, डाव्या डोळ्याखाली कातडी पातळ आहे त्यांची. कुणाला कळलं असतं? मी तिथेच रडले. त्या दिवसांत खरं रडले ते तेवढंच.

आता आईंचं सांगते. त्यासाठीच लिहायला बसले.

आपल्याकडे आता कुणी जबरदस्तीने कुंकू पुसत नाही, बांगड्या फोडत नाही. भावकीनेही आईंना काही केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी आरशासमोर कुंकवाची डबी उघडलीच नाही. तोंड धुतलं, केस बांधले आणि बाहेर आल्या. तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं. कुंकवाच्या जागी कपाळावर गोल, काळसर डाग आहे. एवढी वर्षं रोज तिथेच कुंकू लागलं, त्याने कातडी काळी पडली. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या कपाळावर असे डाग मी कितीदा बघितलेत, कुंकू बदला म्हणून सांगितलंय. घरातल्या बाईचा मात्र मला माहीत नव्हता, कारण त्यावर कायम कुंकू होतं.

दहाव्याला रखमाकाकू आल्या होत्या, भावकीतल्या सगळ्यात थोरल्या. त्यांनी आईंच्या कपाळाकडे बघितलं आणि मला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मनीषा, तुज्याकडं मशीन हाय नव्हं? तेवडा डाग घालव बाई तिचा. उगंच लोकांची नजर तितंच जाती." त्या वाईट मनाने बोलल्या नाहीत. त्यांना खरंच आईंची काळजी वाटली. आई उठून आत गेल्या आणि चुलीपुढे बसल्या.

मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत राहिले. तुम्हाला हवं होतं ते काम हे असं माझ्यापुढे येणार होतं का? आईंना बेडवर आणायचं आणि तुमची खूण पुसून काढायची? शिवाय असा डाग मशीनने एका फेरीत जात नाही, जोर लावला तर उलट जास्त काळा पडतो. हे सगळं आईंना कसं सांगायचं, याची मी रोज जुळवाजुळव करत होते. आणि त्या तर विषयच काढत नव्हत्या.

आज दुपारी मी एकटीच होते. बेडवर नवी चादर घातली होती, कांडीच्या टोप्या धुवून पुसत होते. मधला पडदा हलला. आई. नुकतीच आंघोळ केलेली, केस ओले.

"कुनी हाय का?"

"नाही."

"दार लाव."

मी दार लावलं. त्या बेडजवळ आल्या, चादरीवरून हात फिरवला आणि कडेला टेकल्या. मग आडव्या झाल्या, पण पाय खालीच लोंबत ठेवले. "पाय धुतलंत, पर भेगांत माती ऱ्हाती. चादर खराब व्हईल." मी त्यांचे पाय उचलून वर ठेवले. किती हलके आहेत हो ते!

मला वाटलं, रखमाकाकूंचं बोलणं लागलं आणि त्या डाग घालवायला आल्यात. मी म्हटलं, "आई, त्या डागाचं ऐका, मशीनने तो..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटलेले. "समदं कर," त्या म्हणाल्या. आणि एक बोट कपाळावर टेकवलं. "ह्ये सोड. ह्ये माजं हाय."

मी मशीन सुरू केलं. जोर अगदी कमी ठेवला, म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते. गाल केले, हनुवटी केली, नाक केलं. कपाळावर आले की सरळ रेघ ओढता येईना, डागाशी पोचलं की कांडी वळवून घ्यावी लागायची. शमीमताईंनी बघितलं असतं तर रागावल्या असत्या. एकदा विचारलं, दुखतंय का? आईंनी नाही म्हणून मान हलवली. सवयच नाही हो त्यांना, दुखलं तरी सांगायची. म्हणून मी त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत काम केलं. अंगठा आक्रसला की हात उचलायचा. नंतर नंतर अंगठा सैल पडला.

जेल लावलं तेव्हा त्या दचकल्या. "गार हाय की."

"बरं वाटतंय ना?"

"त्यांना बी असंच गार लागायचं?"

"व्हय," मी म्हटलं. माझ्या तोंडून 'व्हय'च निघालं.

"लबाड मानूस. मला म्हनायचे, जा एकदा, जा एकदा. असं असतंय म्हून सांगायचं की."

"सांगत होते आई, तुम्ही ऐकत नव्हतात."

"त्यांचं कवा ऐकलंय मी?" असं म्हणून त्या हसल्या. हसता हसता डोळ्याच्या कडेने पाणी आलं आणि कानाकडे वाहत गेलं. मी ते कापसाने टिपलं. मग त्यांचा श्वास लांब झाला, ओठ किंचित उघडे राहिले आणि त्या झोपल्या. तुमच्यासारख्याच घोरतात, आबा. तुम्ही कधी बोलला नाहीत.

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. मी उघडलं नाही. जेल पुसून झालं, मॉइश्चरायझर लावून झालं, कांडी धुवून झाली. मी स्टूल ओढून त्यांच्या डोक्याशी बसले आणि दोन्ही हात त्यांच्या गालांवर ठेवले. डागाभोवतीचं कपाळ लख्ख दिसत होतं. बराच वेळ गेला. गाईने हंबरून बोलावलं तशा त्या चाळवल्या आणि डोळे न उघडताच, उठायच्या तयारीने एक हात बेडच्या कडेला टेकवत म्हणाल्या, "झालं का गं? उटू?"

काम केव्हाच झालं होतं. मी म्हटलं, "नाही आई, बरंच राहिलंय अजून. पडून राहा तुम्ही."